बाखचं ‘वाखेट आउफ’ बसवायलोय, पण मूळ चाल कुठं आहे तेच सापडंना. कुणी सांगेल काय?

आल्टो_टिळकवाडी:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

मी बेळगावात टिळकवाडीत राहते. शहापूरला एका बाईंकडं दहा-अकरा वर्षं ख्याल शिकले, मग लग्न, नोकरी, पोरं आणि तानपुरा माळ्यावर. यंदा मैत्रिणीनं ओढून तिच्या क्वायरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात नेलं. मी काय ख्रिश्चन नाही पण तिथं तसं कुणी विचारतही नाही, चौदा जण आहोत, अर्धे कोकणी बोलणारे, तीन-चार कन्नड, बाकी आम्ही मराठी, आणि सर सगळ्यांवर इंग्लिशमध्ये रागवतात. डिसेंबरच्या कार्यक्रमाला बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचा एक कँटाटा, म्हणजे चर्चसाठीची अनेक भागांची गायनरचना, घेतलाय, ‘वाखेट आउफ, रुफ्ट उन्स डी श्टिमे’, म्हणजे ‘जागे व्हा, हाक येतेय’, बाखच्या रचनांच्या यादीतला नंबर बीडब्ल्यूव्ही १४०. सगळा नाही हं, पहिला मोठा कोरस आणि शेवटचा छोटा, एवढंच.

आता अडचण ऐका. सर पहिल्याच दिवशी म्हणाले की हे सगळं एका जुन्या लुथेरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या पंथातल्या, भजनावर बांधलंय, ते भजन डोक्यात पक्कं बसवा म्हणजे कुठं हरवणार नाही. बरं म्हटलं. घरी येऊन यूट्यूबवर नाव टाकलं तर पहिलं आलं ते नुसतं ऑर्गनवरचं, लई गोड, आणि अरे हे तर ऐकलेलं आहे की, कॅम्पात एका लग्नात नवरी आत येताना वाजलं होतं! मग काय, चार दिवस तीच चाल घोटली. भांडी घासताना, स्कूटरवर, आरपीडी क्रॉसला गर्दीत अडकले तरी तेच. आणि प्रॅक्टिसला जाऊन बघते तर आमच्या कोरसमध्ये ती चाल नाहीच. शेवटच्या छोट्या कोरसमध्येही नाही. आल्टोच्या, म्हणजे आम्हा बायकांच्या खालच्या आवाजाच्या ओळीत नाही, सोप्रानोच्या, म्हणजे वरच्या आवाजाच्या नाही, टेनरला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाला विचारलं तर तो बिचारा स्वतःच हरवलेला. सगळे आपापलं वेगळंच म्हणायलेत आणि मी मध्ये उभी, जत्रेत पोर चुकल्यासारखी.

दुसरं. घरी ज्या रेकॉर्डिंगबरोबर म्हणते ते पांढरी दोनला लागतंय, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून दोनदा बघितलं. हॉलमध्ये कीबोर्डवर मात्र काळी दोन. सरांना सांगितलं तर म्हणाले तुझा कान चुकतोय. बाकी काहीही चुकत असेल माझं, कान चुकत नाही.

तिसरं म्हणजे जर्मनमध्ये गायचं की मराठीत करून घ्यायचं यावरून चहाच्या वेळेला वाद चाललाय. त्यावर पण बोला.

आणि जाता जाता, आमच्या झेरॉक्समध्ये प्रत्येक पानाची उजवी कड उडालीय, शेवटची मात्रा सगळे अंदाजपंचे म्हणतात. याला उपाय असला तर तोही सांगा. चाल सापडवून देईल त्याला कुंदा माझ्याकडून.


खानापूर_भजनी:

ताई, मी भजनी मंडळात पेटी धरणारा माणूस, इंग्लिश गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण कुंदा म्हटल्यावर रात्री जेवून हेडफोन लावून बसलो. पहिलं जे पोरींचं लांब लांब येतंय ना, ते सरळ सा, ग, प असं वर चढतंय आणि प वर जाऊन बसतंय, मग जरासं ध ला शिवून परत प. मला तर शंकरा राग आठवला. तुम्ही विशारद, तुम्ही सांगा बरोबर की चूक.

आमचे शेजारी कॅथलिक आहेत, त्यांना विचारलं हे ‘जागे व्हा’ कुणाला म्हणायलेत. तर बायबलात मत्तयच्या २५ व्या अध्यायात गोष्ट आहे म्हणे. लग्न आहे, नवरदेव यायचाय, दहा कुमारी दिवे घेऊन वाट बघत थांबल्यात. आपल्या करवल्याच समजा. नवरदेवाला उशीर होतो, सगळ्या पेंगतात, आणि ऐन मध्यरात्री हाक येते की आला, आला, उठा. पाचजणींनी जादा तेल आणलेलं, पाचजणींचं संपलेलं. त्या तेल आणायला धावल्या तोवर दार बंद.

हे ऐकून मला माझ्या चुलत्याचं लग्न आठवलं बघा. नंदगडहून वऱ्हाडाची ट्रक पंक्चर, रात्रीचे बारा वाजले, आणि गॅसबत्त्यांतलं रॉकेल संपत आलेलं. दोन बत्त्यावाले शहाणे होते, डबा बरोबर होता. बाकीचे पंप मारून मारून दमले, मेंटल लाल होऊन भक्कन गेलं. वरात निघाली ती दोन बत्त्यांवर. गोष्ट दोन हजार वर्षं जुनी असंल, पण माणसं तीच की ओ.


बास_लाईन_कॅम्प:

मी दुसऱ्या एका क्वायरमध्ये बास, म्हणजे पुरुषांचा खालचा आवाज म्हणतो, हा कँटाटा दोनदा गायलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुम्ही घोटलेली चाल ही भजनाची चालच नव्हे. इथं शंभरातले नव्वद फसतात, मीही फसलो होतो. या कँटाटात सात भाग आहेत. चौथ्या भागात टेनर लोक मूळ भजनाचं दुसरं कडवं म्हणतात, आणि त्याच वेळी सगळी व्हायोलिन आणि व्हायोला मिळून एकाच स्वरात एक वेगळीच चाल वाजवतात. ती गोड, डुलत चालणारी चाल बाखची स्वतःची. भजन तिच्यावरून आपलं संथपणे जातं. पुढं १७४८ च्या सुमाराला बाखनं हाच भाग ऑर्गनसाठी उतरवून छापून घेतला, सहा तुकड्यांचा संच आहे, श्यूब्लर कोराल म्हणतात त्याला. तुम्ही लग्नात ऐकलं ते हे. त्यात उजव्या हातात व्हायोलिनची चाल, पायात बास, आणि भजन बिचारं डाव्या हातात मधल्या पट्टीत लपलेलं. कानाला पहिली वरची चाल पकडते, त्यामुळं लोक समजतात हेच भजन. तुम्ही चार दिवस साथीची चाल पाठ केलीत, बंदिश राहिली बाजूला. तरी वाया गेलं नाही काही, तो भाग ऐकताना आता दुप्पट मजा येईल.

मूळ चाल म्हणजे खानापूरच्या काकांनी पकडली तीच. पहिल्या कोरसमध्ये ती सोप्रानोकडं आहे, एकेक स्वर जवळजवळ एकेक बारभर ताणलेला, आणि बरोबर हॉर्न तेच स्वर वाजवतो म्हणजे ती बुडू नये. विलंबितच समजा. खाली आल्टो, टेनर, बास तिघं लहान लहान स्वरांत एकमेकांचं उचलून धावत असतात. म्हणून तुम्हाला हरवल्यासारखं होतं, आल्टोच्या ओळीत चाल शोधून मिळणारच नाही. तुमचं काम धावायचं. ‘आलेलुया’ आलं की खालच्या तिन्ही आवाजांची जी लांब पळापळ आहे तिथं तुमच्या ताना कामाला येतील, आमच्याकडं त्या जागेला आल्टो दम लागून बसायच्या.

शेवटच्या कोरसमध्ये मात्र सगळे एकदम, एकाच लयीत, वर सोप्रानोकडं भजन आणि खाली आपण तिघं धरून. तिथं सोप्रानोची ओळ ऐकलीत तर चाल लख्ख दिसते. माझं मत विचाराल तर सरांनी उलटं चालवायला पाहिजे होतं. आधी शेवटचा, तोही सगळ्यांनी सोप्रानोची ओळ म्हणून, बास लोकांनीसुद्धा. आठ दिवस नुसतं तेवढंच. मग चौथा भाग ऐकायचा. मग पहिला काढायचा. कारण असं बघा, जर्मनीतल्या लाइप्झिगमध्ये बाख १७२३ पासून मरेपर्यंत म्हणजे १७५० पर्यंत होता, तिथं चर्चमध्ये बसलेल्या माणसांना हे भजन लहानपणापासून पाठ. कुणीतरी ‘सा ग प’ म्हटलं की पुढचं त्यांच्या मनात आपोआप चालू. म्हणून तो एवढं ताणू शकला, बाजूला एवढी पळापळ करू शकला. आपल्याला भजनच माहीत नाही आणि आपण थेट ताणलेलं ऐकायलोय. अभंगाची चाल कधी कानावर पडलेली नाही आणि एकदम कुणीतरी तो अति विलंबितात धरला तर काय कळणार?

रचना पण सोपी आहे, पहिला चरणगट, परत तोच चालीवर दुसरा, मग तिसरा वेगळा. पहिले दोन जवळपास सारखे, म्हणजे अर्धं पाठांतर तिथंच वाचलं.

आता कानाचं. कान तुमचा बरोबर आणि कीबोर्डही बरोबर. गाणं ई फ्लॅटचं, म्हणजे काळी दोन. पण जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे बरेच ग्रुप मधला ‘ए’ हा स्वर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला लावतात, ते साधारण अर्धा स्वर खाली येतं. त्यामुळं तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ते पांढरी दोनला ऐकू येतंय. सरांना हे दोन आकडे सांगा, बाकी काही बोलू नका. 😀

काका, शंकरा वगैरे नको हो. बिलावलचे स्वर आहेत म्हणा फार तर. राग शोधायला गेलात की वादी-संवादी आलं, मग पकड आली, आणि हे गाणं त्या वाटेनं चालतच नाही, ते चारही आवाज एकावर एक पडून जे होतं त्यावर चालतं.

झेरॉक्स फेकून द्या. बाख गेझेलशाफ्ट या जर्मन संस्थेची जुनी छापील आवृत्ती कॉपीराइटच्या कधीच बाहेर गेलीय, नेटवर फुकट मिळते. प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ करायला सांगा, ते न केल्यामुळंच कड उडते.


खानापूर_भजनी:

शंकरा परत घेतो. पण सा ग प मी आधी सांगितलं होतं, कुंद्यात वाटा पाहिजे.


निपाणी_ते_पुणे:

मी निपाणीची, पुण्यात जर्मन शिकवते. शब्दांचं मी बघते.

भजन फिलिप निकोलाई नावाच्या पाद्र्याचं, शब्द त्याचे आणि चालही त्याच्याच नावावर आहे, छापलं १५९९ साली. म्हणजे बाखच्या आधी सव्वाशे वर्षांहून जास्त. हा माणूस तेव्हा जर्मनीत उना नावाच्या गावात होता आणि गावात प्लेग आलेला, १५९७ चं साल. हजारांच्या वर माणसं गेली, रोज पुरायला न्यायची. त्यातच त्यानं मरणानंतरच्या जगण्यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात हे भजन घातलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आमच्या पणजीच्या तोंडच्या गोष्टी, गाव ओस टाकून लोक रानात झोपड्या घालून राहिले, उंदीर पडला की निघायचं. पुण्यातला प्लेग १८९७ चा. बरोब्बर तीनशे वर्षांचं अंतर. ज्या गावात रात्री रडणं सोडून आवाज नाही तिथं बसून हा बाबा लिहितो की बुरुजावरून पहारेकरी हाक मारतोय, मध्यरात्र झालीय, उठा, नवरदेव आला, दिवे घ्या. हे एवढं आनंदाचं गाणं कुठल्या रात्री लिहिलंय ते एकदा डोक्यात बसलं की ‘आलेलुया’ वेगळं लागतं.

आणि एक गंमत. तीन कडवी आहेत, पहिलं ‘वाखेट’नं सुरू होतं, दुसरं ‘त्सिओन’नं, तिसरं ‘ग्लोरिया’नं. व, त्स, ग. उलटं वाचलं की ग, त्स, व होतं, ‘ग्राफ त्सू वाल्डेक’, म्हणजे वाल्डेकचा सरदार. निकोलाईचा एक लहान सरदार शिष्य होता, तो पंधराव्या वर्षीच १५९८ मध्ये गेला. त्याची ही आठवण. आपल्याकडं तुकोबा शेवटच्या चरणात स्वतःचं नाव घालतात, ह्यानं मेलेल्या पोराचं घातलं, तेही लपवून.

बाखनं हे २५ नोव्हेंबर १७३१ ला पहिल्यांदा गाऊन घेतलं. त्यांच्याकडं प्रत्येक रविवारचं वाचन ठरलेलं असतं, आणि हा दहा कुमारींचा रविवार म्हणजे ट्रिनिटी या सणानंतरचा २७ वा. तो दरवर्षी येतच नाही, ईस्टर अगदी लवकर, २६ मार्चला किंवा त्याआधी आला तरच. आपल्या अधिक मासासारखं म्हणा, फक्त हिशोब वेगळा. बाख लाइप्झिगला असताना तो दोनदाच आला, १७३१ आणि १७४२. एवढ्या क्वचित लागणाऱ्या गाण्यावर माणसानं इतकी मेहनत केलीय. त्याच्या पुढच्या रविवारी अ‍ॅडव्हेंट (नाताळाआधीचे चार आठवडे) सुरू, म्हणजे तुम्ही डिसेंबरात म्हणालात तर एखाद्या आठवड्याचा उशीर. नवरदेवालाही उशीरच झाला होता, चालतंय.

भजनाची तीन कडवी सोडून मधले भाग वेगळ्या कुणीतरी लिहिलेत, कवीचं नाव मिळत नाही. त्यात दोन ड्युएट आहेत, जीव आणि येशू, नवरी आणि नवरदेव. पहिल्यात ती विचारते कधी येणार, तो म्हणतो येतोय, ती म्हणते मी जळतं तेल घेऊन थांबलेय. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे समजावून सांगायला नको. तुम्ही ते गात नाही आहात, तरी एकदा ऐका. बरोबरचं व्हायोलिन पण नेहमीचं नाही, छोटं असतं, वरच्या पट्टीत लावलेलं.

उच्चार: ‘वाखेट’मधला ख आपल्या खडूतला नको, घशातून घासून येणारा, उर्दूवाले खबर म्हणतात तसा. ‘श्टिमे’ला श्ट, स्ट नाही. शेवटचा ए अर्धवट सोडायचा, ओढायचा नाही. ‘युंगफ्राउएन’ला य, ज नाही. मराठी जिभेला हे काहीच जड नाही, इंग्लिश मीडियमवाल्यांनाच जास्त सांगावं लागतं असा माझा वर्गातला अनुभव.


सीमावासी:

एवढं सगळं ठीक आहे पण मी म्हणतो बेळगावात बसून जर्मन कशाला? लुथरनंच सांगितलं ना की लोकांनी आपल्या भाषेत गावं? मग त्याच्याच हिशोबानं मराठीत पाहिजे. इथं आधीच पाटीपासून दाखल्यापर्यंत मराठीसाठी भांडायलोय आणि गाणं पण परक्या भाषेत.


बास_लाईन_कॅम्प:

दादा, मुद्दा बरोबर आहे, लुथरनं १५२४ पासून जर्मन भजनं छापायला लावली ती याचसाठी, लॅटिन लोकांना कळत नव्हतं म्हणून. पण त्या क्वायरमध्ये कोकणी, कन्नड, मराठी तिन्ही आहेत. मराठीत केलं की कन्नडवाले विचारणार आमचं काय, मग कोकणीवाले, त्यातही कोकणी देवनागरीत लिहायची की रोमन लिपीत. जर्मन कुणाच्याच घरची नाही, सगळ्यांचं सारखंच वाकडं. सीमाप्रश्नावर एवढा सोपा तोडगा आजवर कुणी काढला नाही.


सीमावासी:

😂 हे मात्र कबूल. तरी एक कडवं मराठीत करून बघा.


निपाणी_ते_पुणे:

मी प्रयत्न करून बघितला काल रात्री, सांगते काय होतं. ‘वा-खेट आउफ’ तीन अक्षरं, सा ग प. ‘जा-गे व्हा’ पण तीन. चपखल! पुढं ‘रुफ्ट उन्स डी श्टि-मे’ पाच, तिथं ‘हा-क आ-ली हो’ बसतं, हाकेतला क अभंगात म्हणतो तसा पुरा म्हणायचा. इथपर्यंत मी लई खूश. पुढची ओळ नऊ अक्षरांची, बुरुजावरचा पहारेकरी. एकटा ‘पहारेकरी’च पाच अक्षरं खातो, ‘बुरुजावरून’ आणखी पाच, झाले दहा आणि क्रियापद अजून बाहेरच उभं. ‘राखणदार’ घातला तर शेतातला वाटतो. ‘जागल्या’ शब्द सापडला, गावकामगारातला जुना, रात्री गस्त घालणारा. तो मला आवडला, पण पुण्यात दोघांना विचारलं तर दोघांनाही कळला नाही. तिथंच अडकलेय.


खानापूर_भजनी:

जागल्या आमच्याकडं अजून कळतो. घाला.


आल्टो_टिळकवाडी:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल प्रॅक्टिस झाली. मी आधीच जाऊन सोप्रानोच्या मैत्रिणीला शेवटच्या कोरसची तिची ओळ एकटीला म्हणायला लावली, दोनदा, आणि तिसऱ्यांदा मी पण धरली. मग पहिला कोरस सुरू झाला आणि वरून तेच सा, ग, प, इतकं सावकाश, जसं कुणी जिन्यावर हातात दिवा धरून चढायलंय, आणि खाली आम्ही सगळ्या धडपडत. पहिल्यांदाच कळलं की मी कुठं आहे. कळलं आणि त्या नादात माझी एंट्री चुकली, ऐकतच राहिले, सर ओरडले. पण त्या ओरडण्याचं काही वाटलं नाही.

४४० आणि ४१५ सांगितलं. सर दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग मोबाईलमध्ये काहीतरी बघितलं, मग म्हणाले ‘ओके, नेक्स्ट पेज’. आमच्या सरांकडून एवढं म्हणजे सत्कारच.

प्लेगचं मी चहाला सांगितलं. आमच्यातल्या एका वयस्क बाई, बासवाल्याच्या आई, नुसत्या ऐकायला येतात, त्या म्हणाल्या आमच्या आजीला पण रानातल्या झोपडीतच जन्म मिळाला. मग कुणीच काही बोललं नाही, चहा गार झाला.

भाषेचं ठरलं: जर्मन. पण शेवटचा कोरस संपल्यावर पहिली ओळ एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये, एकदा कोकणीत म्हणायची अशी कल्पना निघालीय. कन्नडवाल्यांना पण तीन अक्षरांचं ‘जागे व्हा’ शोधायचंय, त्यांचं चाललंय.

नवीन प्रिंट काढली, कड आली. पण आठ नंबरचं पान दोनदा आलंय आणि नऊ नंबर नाहीच, नेमकं आलेलुयाचं. बास_लाईन दादा, तुमच्याकडं असलं तर फोटो पाठवाल काय?


बास_लाईन_कॅम्प:

पाठवलं. आल्टोच्या ओळीवर पेन्सिलनं श्वासाच्या खुणा आहेत त्या जुन्या कुणाच्यातरी, तुम्हाला पटल्या नाहीत तर खोडून टाका. आणि कुंदा कॅम्पात कुठंही चालेल.


खानापूर_भजनी:

माझा वाटा खानापूर एसटी स्टँडवर ठेवायला सांगा, कंडक्टर ओळखीचा आहे.